सनरूफ, एअरबॅग आणि चार मीटर

जानेवारी 2014 मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान गाड्यांचे निकाल जाहीर केले. मारुती अल्टो 800, टाटा नॅनो, ह्युंदाई आय-10, फोर्ड फिगो आणि फोक्सवॅगन पोलो. ताशी 64 किलोमीटर वेगाने समोरून आदळवल्यावर मोठ्या माणसांच्या संरक्षणात पाचही गाड्यांना शून्य स्टार मिळाले. वर्तमानपत्रांनी शून्याचा मथळा केला आणि ते साहजिकही होतं. मला मात्र त्या निकालातली पोलोची गोष्ट जास्त बोलकी वाटते.

ही पोलो पुण्याजवळ चाकणला तयार व्हायची. शून्य मिळालेल्या गाडीत एअरबॅग नव्हत्या. तीच गाडी, तोच सांगाडा, तोच कारखाना, फक्त पुढे दोन एअरबॅग, अशी दुसरी पोलो तपासली तेव्हा तिला चार स्टार मिळाले. कंपनीने मग बिनएअरबॅगची पोलो भारतीय बाजारातून काढूनच टाकली. सरकारने कायदा केला नव्हता, ग्राहकांनी शोरूमसमोर मोर्चा नेला नव्हता. कुठल्या तरी बैठकीत निर्णय झाला आणि किंमतपत्रकातली एक ओळ पुसली गेली, एवढंच. त्या दिवसापर्यंत मात्र माणूस अपघातातून उठणार की नाही हे ठरवणारी वस्तू किंमतपत्रकात अलॉय व्हील आणि म्युझिक सिस्टिमच्या शेजारच्या रकान्यात बसलेली होती.

गाड्यांच्या सुरक्षिततेची चर्चा आपल्याकडे हटकून ग्राहकावर येऊन थांबते. भारतीय माणूस आधी ‘अ‍ॅव्हरेज किती देते’ हे विचारतो, मग रंग बघतो, मग रिसेल व्हॅल्यू. एअरबॅगचं त्याला काय पडलंय? कंपन्यांचे अधिकारी हे म्हणतात, शोरूममधला सेल्समन म्हणतो, आणि गंमत म्हणजे आपणही स्वतःविषयी बोलताना हेच म्हणतो. यात तथ्य आहेच. पण या वाक्याआड एक सोय दडलेली आहे. ग्राहकाला काय हवं हे ठरतं त्याच्यासमोर काय ठेवलं त्यावरून, आणि काय ठेवायचं ते कंपनी ठरवते.

किंमतपत्रक कसं बांधलं जातं ते पाहा. बेस मॉडेलची किंमत जाहिरातीसाठी असते; ‘अमुक लाखांपासून सुरू’ एवढं म्हणता यावं म्हणून त्यातून जे काढता येईल ते काढलेलं असतं. वरच्या प्रत्येक व्हेरियंटमध्ये सोयींचा गठ्ठा वाढत जातो. अनेक वर्षं आपल्याकडे सहा एअरबॅग हव्या असतील तर सोबत सनरूफ, मोठी टचस्क्रीन, चामड्यासारख्या दिसणाऱ्या सीट आणि पुश बटण स्टार्ट हे सगळं विकत घ्यावं लागायचं. ज्याला फक्त एअरबॅग आणि ईएससी, म्हणजे गाडी घसरू लागली की चाकांवर वेगवेगळा ब्रेक लावून तिला ताब्यात ठेवणारी यंत्रणा, एवढंच हवं होतं, त्याच्यासाठी व्हेरियंटच नव्हता. तो बिचारा पैसे नाहीत म्हणून खालचं मॉडेल घेऊन घरी जायचा आणि कंपनीच्या तक्त्यात त्याची नोंद ‘सुरक्षिततेत रस नसलेला ग्राहक’ अशी व्हायची. अशा विक्रीच्या आकड्यांवरून लोकांची आवड काढणं म्हणजे शुद्ध फसवणूक आहे.

ही युक्ती भारतात जन्मली नाही. 1956 मध्ये अमेरिकेत फोर्डने ‘लाइफगार्ड’ नावाने सुरक्षिततेची जाहिरात केली. त्यात सीट बेल्ट आणि मऊ डॅशबोर्ड या गोष्टी जादा पैसे भरून घ्यायच्या होत्या. त्या वर्षी शेवरोलेने विक्रीत बाजी मारली आणि ‘सुरक्षितता विकली जात नाही’ हा समज अमेरिकी मोटार उद्योगात पुढची कित्येक वर्षं घर करून राहिला. इकडे स्वीडनमध्ये 1959 साली व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी तीन टोकांचा सीट बेल्ट तयार केला. व्होल्वोने तो गाडीत दिला आणि त्याचं पेटंट इतर कंपन्यांनाही वापरू दिलं. 1965 मध्ये राल्फ नेडर यांचं ‘अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड’ हे पुस्तक आलं, पुढच्याच वर्षी अमेरिकेत वाहन सुरक्षेचा कायदा झाला आणि 1968 पासून नव्या गाड्यांना सीट बेल्ट सक्तीचा झाला. आज जगात कुठेही सीट बेल्टसाठी ‘लागेल तर घ्या’ असा वेगळा पर्याय विचारला तर सेल्समन हसेल. ग्राहक शहाणा झाला म्हणून हे घडलं नाही. पर्याय काढून घेतला म्हणून घडलं.

युरोपातही तेच. 1997 मध्ये ‘युरो एनकॅप’चे पहिले निकाल आले तेव्हा चाचणी इतकी कठोर आहे की चार स्टार कुठल्याच गाडीला मिळणं शक्य नाही, असं उद्योगाचं म्हणणं होतं. काही महिन्यांतच व्होल्वोच्या एस-40ने चार स्टार मिळवले. 2001 मध्ये रेनॉच्या लागुनाला पाच मिळाले. एक स्टारवर अडकलेली रोव्हर 100 मात्र बाजारातून गेली. अशक्य असतं ते बहुतेक वेळा कुणीतरी करून दाखवेपर्यंतच.

भारतात हे करून दाखवण्याचं श्रेय टाटा आणि महिंद्रांना द्यावं लागेल. रांजणगावला बनणाऱ्या टाटांच्या नेक्सॉनला 2018च्या ऑगस्टमध्ये चार आणि डिसेंबरमध्ये पाच स्टार मिळाले. भारतात बनलेल्या, भारतात विकल्या जाणाऱ्या गाडीला पाच स्टार मिळण्याची ती पहिली वेळ. मग अल्ट्रोझ आली, महिंद्राची एक्सयूव्ही 300 आली. टाटांच्या जाहिरातींत स्टार ठळक झाले आणि गल्लीतल्या गप्पांत ‘फाइव्ह स्टार गाडी’ हा शब्दप्रयोग रुळला. ज्या ग्राहकाला सुरक्षितता नको होती तोच ग्राहक अचानक स्टार मोजू लागला. म्हणजे त्याच्यासमोर ठेवलं तेव्हा त्याने घेतलं.

इथे पत्र्याविषयी बोलायलाच हवं. आपल्याकडे गाडीची मजबुती बोनेटवर टिचकी मारून किंवा दारावर अंगठा दाबून तपासतात. ‘पत्रा बघा केवढा जाड आहे’ असं म्हटलं की चर्चा संपते. बाहेरच्या पत्र्याचा आणि जीव वाचण्याचा संबंध फार थोडा आहे. मर्सिडीजच्या बेला बारेनी या अभियंत्याने 1950च्या दशकात जी कल्पना रूढ केली ती नेमकी उलट होती: गाडीचं नाक चुरगळलं पाहिजे. धडकेची ऊर्जा कुठे तरी खर्च व्हायला हवी. ती बोनेटखालच्या भागात खर्च झाली नाही तर माणसाच्या छातीत होते. टिकायला हवा तो प्रवासी बसतात तो पिंजरा. म्हणून चाचणीत सांगाडा ‘स्थिर’ राहिला की ‘अस्थिर’ झाला याची वेगळी नोंद असते आणि माझ्या मते स्टारच्या आकड्याआधी ती वाचावी. 2014च्या त्या पाच गाड्यांत फिगो आणि पोलोचे सांगाडे स्थिर होते. अल्टो, नॅनो आणि आय-10 यांचे नव्हते. पहिल्या दोघींना एअरबॅगने वाचवता आलं असतं. उरलेल्या तिघींत पिंजराच मोडत असल्याने एअरबॅग लावूनही फारसा उपयोग नव्हता. सांगाडा हा व्हेरियंटचा भाग नसतो, तो काही वर्षं आधी ड्रॉइंग बोर्डवर ठरून गेलेला असतो आणि टॉप मॉडेल घेणाऱ्यालाही तोच मिळतो. अपघातानंतरच्या फोटोत पुढून चेपलेली गाडी बघून ‘काय डबा गाडी आहे’ म्हणणाऱ्यांनी आधी दारं उघडता आली का, हे विचारावं.

एअरबॅगमध्येही काटकसर होते. 2017 मध्ये तपासलेल्या भारतीय रेनॉ डस्टरला एअरबॅगशिवाय शून्य आणि चालकाच्या एअरबॅगसह तीन स्टार मिळाले. त्याआधी कोलंबियात बनलेल्या डस्टरला चार मिळाले होते, आणि तिच्यातली चालकाची एअरबॅग आकाराने मोठी होती. मारुतीच्या एस-प्रेसोचंही असंच. 2020च्या चाचणीतल्या भारतीय गाडीत फक्त चालकापुढे एअरबॅग होती, शून्य. 2022 मध्ये दक्षिण आफ्रिकेसाठी भारतातच बनलेल्या, दोन एअरबॅगच्या एस-प्रेसोला तीन. कारखाना आपला, कामगार आपले, चांगली गाडी बोटीवर.

एकाच बाजूला एअरबॅग असण्यामागे कायदाही होता. जुलै 2019 पासून चालकापुढची एअरबॅग सक्तीची झाली. शेजारच्या प्रवाशासाठी ती सक्ती 2021 मध्ये आली. मधल्या काळात डावीकडे कोण बसत होतं? बहुतेक घरांत बायको, नाहीतर आई. नियम करणाऱ्यांच्या ते लक्षात यायला दोन वर्षं लागली.

आता विरोधी बाजूकडे येतो, कारण ती हलकी नाही. जानेवारी 2022 मध्ये केंद्राने सहा एअरबॅगच्या सक्तीचा मसुदा काढला. निर्यातीच्या गाड्यांना सहा एअरबॅग देता, मग भारतीयांना का नाही, असा सवाल नितीन गडकरी यांनी कंपन्यांना जाहीरपणे केला होता. मारुतीचे अध्यक्ष आर. सी. भार्गव यांचा युक्तिवाद असा होता की लहान गाड्या महागतील आणि दुचाकीवरून गाडीकडे येऊ पाहणारं कुटुंब मागेच राहील. हा मुद्दा झटकून टाकता येत नाही. 2022 साली देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं मेली, त्यांतली 44 टक्क्यांहून अधिक दुचाकीवर होती. नवरा-बायको आणि दोन मुलं स्कूटरवरून हायवेने जाण्यापेक्षा दोन स्टारची अल्टो कितीतरी बरी, हे कुणीही मान्य करेल. 2019 नंतर सुरक्षेचे आणि प्रदूषणाचे नियम आले, किमती वाढल्या आणि लहान गाड्यांची विक्री घसरली हेही खरं आहे.

पण पुढे काय झालं ते पाहा. सक्तीची तारीख ऑक्टोबर 2022 वरून 2023 वर गेली आणि 2023च्या सप्टेंबरमध्ये खुद्द गडकरींनी सांगितलं की आता सक्ती करणार नाही. त्यानंतर दोन वर्षांच्या आत मारुतीने अल्टो के-10, सेलेरिओ, वॅगनआर आणि इको या आपल्या सर्वांत स्वस्त गाड्यांच्या सगळ्या व्हेरियंटमध्ये सहा एअरबॅग देऊन टाकल्या. कायद्याचा दट्ट्या नसताना. 2024च्या नव्या डिझायरला ग्लोबल एनकॅपचे पाच स्टार मिळाले होते, बाजार बदलत होता, म्हणून त्यांनी ते केलं असावं. कारण काहीही असो, 2022 मध्ये जे परवडण्यासारखं नव्हतं ते 2025 मध्ये परवडलं. आणि तरी सहा एअरबॅगनी सगळं सुटत नाही, कारण वॅगनआरला 2023 मध्ये एक स्टार मिळाला होता तेव्हा तिचा सांगाडाच अस्थिर ठरला होता.

भार्गवांच्या युक्तिवादाचं खरं उत्तर एअरबॅगच्या किमतीत नाहीच, ते करात आहे. 2006च्या अर्थसंकल्पात लहान गाडीवरचं उत्पादन शुल्क 24 वरून 16 टक्क्यांवर आणलं गेलं. लहान म्हणजे लांबी चार मीटरच्या आत, आणि इंजिन पेट्रोल असेल तर 1200 सीसीपर्यंत, डिझेल असेल तर 1500. मग जे झालं ते जगाच्या मोटारउद्योगात दुसरीकडे क्वचितच झालं असेल. टाटांनी 2008 मध्ये इंडिगोचं शेपूट कापून इंडिगो सीएस काढली. मारुतीची पहिली डिझायर 4160 मिलिमीटर होती. 2012 मध्ये ती 3995 झाली. डिकी अशी खुरटी दिसू लागली की मागून गाडी कुणीतरी करवतीने कापल्यासारखी वाटावी. होंडाने, ह्युंदाईने, फोर्डने, सगळ्यांनी चार मीटरच्या आतल्या सेडान काढल्या. पुढे एसयूव्हीसुद्धा त्याच मापात बसवल्या गेल्या. ‘माझी गाडी बरोबर 3995 मिलिमीटर असावी’ असं कुठल्या ग्राहकाने मागितलं होतं? एकाही नाही. सरकारने कराचा रकाना आखला आणि अभियंत्यांनी गाडी त्यात बसवली.

म्हणूनच ‘ग्राहकाची मागणी’ हा शब्द मी आता फारसा मनावर घेत नाही. कराच्या एका ओळीने गाडीची डिकी कापता येते, तर कराच्या एका ओळीने सांगाडाही मजबूत करता येईल. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्के अधिक उपकर यावरून 18 टक्क्यांवर आला. इतकी मोठी सवलत अनेक वर्षांत मिळाली नव्हती. अट काय घातली? तीच. चार मीटर, 1200 सीसी, 1500 सीसी. ज्या गाडीचा पिंजरा चाचणीत मोडतो तिलाही 18 टक्के, ज्या गाडीचा टिकतो तिलाही 18 टक्के. चार-पाच स्टारच्या लहान गाडीला दोन-तीन टक्के आणखी सूट आणि शून्य-एकवाल्या गाडीला ती नाही, एवढं केलं असतं तरी स्कूटरवरच्या कुटुंबाची सबबही संपली असती, कारण सुरक्षित गाडीच स्वस्त झाली असती.

स्टारचा आकडा हा देवाचा कौल नव्हे, हेही सांगायला हवं. त्याला तारीख असते. जुलै 2022च्या आधी ग्लोबल एनकॅपची भारतीय गाड्यांची मुख्य चाचणी समोरच्या धडकेची होती. त्यानंतर बाजूची धडक, ईएससी, पादचाऱ्यांचं संरक्षण या गोष्टी धरल्या जाऊ लागल्या. 2018चे पाच आणि 2024चे पाच एक नव्हेत. नेक्सॉनला 2018 मध्ये पाच मिळाले ते मोठ्या माणसांसाठी. मुलांच्या संरक्षणासाठी तिला तीनच होते, आणि जाहिरातीत लहान मुलं दिसायची. शिवाय कंपन्या परीक्षेपुरता अभ्यास करतात. अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेने 2012 मध्ये गाडीचा फक्त चालकाकडचा कोपरा आदळवण्याची चाचणी सुरू केली. गाड्या सुधारल्या. 2016 मध्ये संस्थेने चालकाच्या बाजूला उत्तम ठरलेल्या सात लहान एसयूव्ही दुसऱ्या बाजूने आदळवल्या, तर एकच उत्तम निघाली. बाकीच्यांनी जिथे परीक्षा होती तेवढीच बाजू मजबूत केली होती. परीक्षकाने प्रश्नपत्रिका बदलत राहिलं पाहिजे, हा त्यावरचा उपाय. परीक्षाच निरुपयोगी आहे हा निष्कर्ष नव्हे.

चाचणीचा वेग 64 आहे आणि समृद्धी महामार्गावर मोटारींना 120ची मुभा आहे. वेग दुपटीच्या आत वाढतो, पण धडकेची ऊर्जा साडेतीनपट होते. त्या वेगाला कुठलीच गाडी पाच स्टारची नसते. आणि मागे बसून बेल्ट न लावणाऱ्याला तर कुठल्याच वेगाला नसते. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावरच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबत मागे बसलेले जहांगीर पंडोल यांचा मृत्यू झाला. गाडी मर्सिडीज होती, मागच्या दोघांनी बेल्ट लावलेले नव्हते. त्या एका वर्षात बेल्ट न लावता मेलेल्यांची सरकारी संख्या 16,715 आहे. कंपन्यांना जाब विचारणाऱ्या माझ्यासारख्यांनी हा आकडा लपवून चालणार नाही. पुढच्या सीटवर मांडीत तान्हं बाळ घेऊन बसण्याची आपली माया धडकेच्या क्षणी त्या बाळालाच आपल्या आणि एअरबॅगच्या मध्ये ठेवते. पण इथेही गाडी माणसाला शिकवू शकते. मागचा बेल्ट लावेपर्यंत वाजत राहणारी घंटी बेस मॉडेलपासून असेल तर पुष्कळ लोक कंटाळून का होईना, बेल्ट लावतात.

ऑक्टोबर 2023 पासून आपली स्वतःची ‘भारत एनकॅप’ सुरू झाली. समोरची आणि बाजूची धडक, खांबावरची धडक, मुलांसाठी वेगळे गुण. पहिले निकाल टाटांच्या हॅरियर आणि सफारीचे होते, दोघींना पाच. चाचणी चांगली आहे. तिच्यात मोठी खोट एकच: ती ऐच्छिक आहे. गाडी पाठवायची की नाही हे कंपनीने ठरवायचं. साहजिकच पास होण्याची खात्री असलेला विद्यार्थी हॉलमध्ये येतो आणि निकाल लागतो तो धडाधड पाच-पाचचा. जी गाडी आलीच नाही तिच्याविषयी शोरूममध्ये कुणी काही बोलत नाही. अमेरिकेत 2007 पासून नव्या गाडीच्या काचेवरच्या किंमतपट्टीवर सुरक्षेचे स्टार छापावे लागतात, आणि तपासणी झाली नसेल तर तसंही छापावं लागतं. भारतात हे अवघड आहे असं कुणी म्हणू नये. 2010 पासून आपल्याकडे फ्रॉस्ट-फ्री फ्रिज आणि एसी विजेचे स्टार चिकटवल्याशिवाय विकता येत नाहीत. वीज किती खाईल हे सांगितल्याशिवाय फ्रिज दुकानाबाहेर जात नाही. आदळल्यावर आतल्या माणसाचं काय होईल हे न सांगता गाडी मात्र जाते, वर तिला हारही घालतात.

तेव्हा मागणी साधी आहे. भारत एनकॅपची चाचणी प्रत्येक प्रवासी गाडीला सक्तीची करा, आणि ती बेस मॉडेलची करा. निकाल तारखेसह, सांगाडा स्थिर की अस्थिर या नोंदीसह, मराठीत आणि इतर भाषांत पुढच्या काचेवर लावा. आणि लहान गाडीच्या करसवलतीला लांबी आणि इंजिन या दोन अटींच्या शेजारी स्टारची तिसरी अट घाला. ती नसताना दिलेली 2025ची सवलत ही लोकांच्या पैशाने केलेली अर्धवट खरेदी होती.